गोत्र, मामाची मुलगी आणि डीएनए
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



काल याच मांडवात भावगीतांचा कार्यक्रम झाला, उद्या मुलांची नाटुकली आहेत. या दोहोंच्या मध्ये डीएनएवरचे व्याख्यान ठेवण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार. मी लग्न होऊन हैदराबादला आले आणि इथेच तीस वर्षे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले. समोर माणसे बसलेली दिसली की अजूनही हात खडू शोधतो. आज फळा नाही, तेव्हा आकृत्यांऐवजी घरातल्या वस्तूंवरच भागवून घेणार आहे.

हा विषय का घेतला ते आधी सांगते. आपल्या मंडळाच्या वधू-वर नोंदणीचे काम मी काही वर्षे पाहते आहे. तिथे एक प्रश्न हमखास येतो. "बाई, गोत्र वेगळे आहे, पत्रिका जुळते, मुलगी माझ्या सख्ख्या भावाचीच आहे. घरातली, पाहिलेली. मग हरकत काय?" हरकत आहे की नाही हे एका वाक्यात सांगता येते, पण ते पटत नाही. पटायचे तर डीएनए आपल्या शरीरात काय करतो ते ऐकावे लागते आणि ते दारात चपला घालता घालता ऐकण्यासारखे नाही. म्हणून आज तास मागून घेतला.

डीएनएची रचना बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. दोराची शिडी घ्या, तिला पीळ द्या, झाले. शिडीच्या पायऱ्या चार रसायनांच्या: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. ॲडेनीनची जोडी फक्त थायमीनशी, ग्वानीनची फक्त सायटोसीनशी. या जोड्या ठरलेल्या असल्यामुळे शिडीची एक बाजू हाती असली की दुसरी आपोआप लिहिता येते. सगळी मेख इथे आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध 'नेचर' साप्ताहिकाच्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात आला, जेमतेम पानभराचा. नक्कल कशी होत असेल याची सूचना त्यांनी त्याच पानावर एका वाक्यात देऊन टाकली होती. ज्या क्ष-किरण छायाचित्राचा त्यांना आधार मिळाला ते रोझलिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतले. तिचा विद्यार्थी गॉसलिंग याने ते मे १९५२ मध्ये घेतले आणि तिच्या नकळत ते वॉटसनला दाखवले गेले. १९५८ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी ती गेली. १९६२ च्या नोबेलच्या वेळी ती हयात नव्हती. हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे, आजही सांगितले.

आता आकडे. आईकडून आलेल्या एका संचात सुमारे ३ अब्ज पायऱ्या, वडिलांकडून आलेल्या संचात तेवढ्याच. हे दोन्ही संच २३-२३ गुणसूत्रांत वाटलेले. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो आणि तो मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढ्या केंद्रकात घडी घालून ठेवलेला असतो. नऊवारीची घडी घालणाऱ्यांना याचे मोल जास्त कळेल.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी या सगळ्याची नक्कल व्हावी लागते. आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत तो स्वतःच व्यासांचा लेखनिक, तेव्हा नक्कल म्हणजे काय हे इथे वेगळे सांगायला नको. पीळ सुटतो, दोन्ही धागे अलग होतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा विणला जातो. म्हणजे प्रत्येक नव्या शिडीत अर्धा भाग जुना आणि अर्धा नवा. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये हे सिद्ध केले. जिवाणूंना आधी जड नायट्रोजनवर वाढवायचे, मग साध्या नायट्रोजनवर आणायचे आणि पुढच्या पिढ्यांचा डीएनए किती जड भरतो ते पाहायचे. पहिल्या पिढीचा डीएनए बरोबर मधल्या वजनाचा निघाला. इतका स्वच्छ प्रयोग जीवशास्त्रात क्वचित पाहायला मिळतो.

नकलेचे काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, फक्त एकाच दिशेने लिहू शकते. शिडीचे दोन धागे मात्र परस्परविरुद्ध दिशांचे. मग एका धाग्यावर काम सरळ चालते आणि दुसऱ्यावर पुढे जाऊन मागे यायचे, पुन्हा पुढे जाऊन मागे यायचे, हातशिलाईत उलटी टीप घालतात तसे. असे छोटे छोटे तुकडे तयार होतात, ते नंतर सांधले जातात. हे तुकडे जपानमधल्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने शोधले, म्हणून त्यांचेच नाव त्यांना आहे. रेइजी मूळचे हिरोशिमाचे. १९४५ च्या बाँबच्या किरणोत्साराची झळ त्यांना पोचली होती आणि १९७५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ते गेले, वय ४४. त्सुनेकोबाईंनी काम पुढे चालू ठेवले.

माणसात हे विकर सेकंदाला साधारण ५० पायऱ्या लिहिते. आपले सर्वांत लांब गुणसूत्र सुमारे २५ कोटी पायऱ्यांचे. एका टोकापासून लिहायला घेतले असते तर जवळजवळ २ महिने लागले असते. प्रत्यक्षात हजारो ठिकाणी एकदम सुरुवात होते आणि काम काही तासांत उरकते. चुका होतात, पण लिहिता लिहिता मागचे अक्षर तपासायची सोय आहे आणि त्यातूनही जे सुटते ते नंतर फिरणारी दुसरी यंत्रणा दुरुस्त करते. अब्जावधी अक्षरांत उरतात त्या थोड्या. तरी प्रत्येक मुलात आईवडिलांत नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी.

काही वेळा मात्र अक्षर चुकण्यापेक्षा मोठे संकट येते. शिडीचे दोन्ही धागे एकाच जागी तुटतात. आता समोरचा धागा पाहून लिहायची सोयच उरली नाही. पेशी काय करते? दुसरी प्रत शोधते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अनेक पोथ्या समोर ठेवून, ताडून. हुबेहूब तेच इथे चालते. तुटलेले टोक जुळणारी प्रत हुडकते, तिच्यात शिरते, तिच्यावरून हरवलेला मजकूर उतरवून घेते आणि मग परत जागेवर येते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही नावे आपल्यापैकी काहींनी दुर्दैवाने दवाखान्यात ऐकली असतील. ती याच दुरुस्तीच्या कामातली जनुके. ती बिघडली की तुटलेली जागा नीट सांधली जात नाही आणि स्तनाच्या व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आता खरी गंमत. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू तयार होताना पेशी ही तुटफूट स्वतःहून करते. मुद्दाम. आईकडून आलेले गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेले त्याचेच जोडीदार गुणसूत्र शेजारी-शेजारी येतात. मग शेकडो ठिकाणी कापाकापी होते, तुटलेली टोके जोडीदारात शिरतात आणि त्यांतल्या काही ठिकाणी दोघांचे तुकडे चक्क अदलाबदल होतात. याला पुनर्संयोजन म्हणतात. मी वर्गात 'पत्ते पिसणे' म्हणत असे. अमेरिकेत हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी १९३१ मध्ये मक्याच्या कणसांवर दाखवून दिले की गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर अदलाबदल झालेले असतात. टोके एकमेकांत गुंतून चौफुला कसा तयार होतो याची कल्पना इंग्लंडच्या रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये मांडली.

अशा अदलाबदली वडिलांकडच्या एका शुक्रजंतूत साधारण २५ ते ३० आणि आईकडच्या एका स्त्रीबीजात साधारण ४० होतात. आईच्या बाबतीत हे केव्हा घडते ते ऐका. मुलगी आपल्या आईच्या पोटात असतानाच तिच्या भावी स्त्रीबीजांत हे पत्ते पिसून होतात आणि मग काम वर्षानुवर्षे अर्धवट थांबून राहते. म्हणजे तुमच्या आईकडून तुम्हाला जो डाव आला तो तुमची आजी गरोदर असताना पिसला गेला होता. इथे बसलेल्या आज्यांनी हे सुनांना आवर्जून सांगावे.

दोन सख्ख्या भावंडांत एक मामावर आणि एक आत्यावर का जाते, याचे उत्तरही इथेच आहे. भावंडांत निम्मा डीएनए सारखा असतो असे आपण म्हणतो. ती सरासरी झाली. प्रत्यक्ष मोजले तेव्हा हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांपासून ६१ टक्क्यांपर्यंत आढळले.

आता गोत्राकडे वळते. गोत्र बापाकडून मुलाकडे जाते. डीएनएत असा प्रवास करणारे एकच गुणसूत्र आहे, वाय. त्याला जोडीदार नसल्यामुळे टोके सोडली तर ते पिसलेही जात नाही. जनुकेही त्यात सर्वांत कमी. बाकीची गुणसूत्रे दोन्हीकडून येतात आणि दर पिढीला पिसली जातात. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षात १०२४ जागा होतात. गोत्र त्यांतल्या एकाचा माग ठेवते. उरलेल्या १०२३ जणांचे काय? त्यांतल्या कित्येकांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो, कारण तुकडे मोजके आणि पूर्वज फार. गणपती गेले की पितृपंधरवडा येईल. ज्यांना आपण पाणी देतो त्यांतल्या काहींचा डीएनए आपल्यात नाही, म्हणून पाणी थांबवावे असे मी म्हणत नाही. नाते डीएनएपेक्षा मोठे आहे. पण गोत्र वेगळे म्हणजे रक्त वेगळे, हा हिशेब मात्र टिकत नाही.

मामाची मुलगी नेहमीच वेगळ्या गोत्राची असणार. आईचे माहेर वेगळे, म्हणून गोत्राच्या चाळणीतून ती सहज खाली येते. पण तिचे आजी-आजोबा तेच, जे मुलाचे आजोळचे आजी-आजोबा. समजा त्या आजोबांच्या एका गुणसूत्रावर एक बिघडलेले जनुक आहे. त्यांना स्वतःला त्रास नाही, कारण दुसरी प्रत चांगली आहे. असे एखाददुसरे बिघडलेले जनुक बहुतेक प्रत्येकाजवळ असते, माझ्याजवळही असणार. तो तुकडा मुलीकडून नातवाकडे आला, मुलाकडून नातीकडे आला आणि या दोघांचे लग्न लावले, तर त्यांच्या बाळात तोच तुकडा दोन्ही बाजूंनी येऊन भेटू शकतो. मग चांगली प्रत उरतच नाही. चुलत, आते किंवा मामे भावंडांच्या लग्नात बाळाच्या दर १६ जनुकांपैकी सरासरी एका जनुकाच्या दोन्ही प्रती अशा एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असतात. मामा-भाचीच्या लग्नात, आणि आंध्र-तेलंगणात ती होतात, दर ८ पैकी एका जनुकाच्या. पत्ते पिसून उपयोग काय, जर दोन्ही जोडांत पाने तीच असतील?

माझ्या आजोळी एका मावशीचे लग्न तिच्या आतेभावाशी झाले होते. पाच मुलांपैकी दोन जन्मतः बहिरी. घरात त्याला प्रारब्ध म्हणत. मावशीने त्या दोघांसाठी स्वतःच्या खुणांची एक भाषा तयार केली होती आणि आम्ही सुट्टीत गेलो की आम्हालाही ती शिकावी लागे. भाकरी, पाणी, देव, राग, सगळ्याला खूण होती. त्यांचे जनुक कोणी तपासले नाही, तेव्हा कारण नेमके हेच होते असे म्हणता येणार नाही. नात्याबाहेरच्या लग्नातही अशी मुले जन्मतात आणि नात्यातल्या लग्नातली बहुसंख्य मुले धडधाकट असतात, हेही तितकेच खरे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. जन्मजात दोषांचा धोका एरवी सुमारे ३ टक्के, तो चुलत-मामे भावंडांच्या लग्नात सुमारे ६ टक्के निघाला. म्हणजे दुप्पट. शंभरातली ९४ बाळे तरीही ठीक. हे आकडे मी नोंदणीला येणाऱ्यांना जसेच्या तसे सांगते. घाबरवायचेही नाही आणि लपवायचेही नाही. आपला १९५५ चा हिंदू विवाह कायदा सपिंड लग्नाला मनाई करतो, आईकडून तीन पिढ्या आणि वडिलांकडून पाच, पण रूढी असेल तर सूट देतो. निर्णय शेवटी घरातच होतो.

इथवर ऐकून काही जण निवांत झाले असतील, की आमच्याकडे नात्यात करत नाहीत, फक्त जातीत करतात. त्यांच्यासाठी आपल्या हैदराबादचीच गोष्ट. उप्पल रोडवरची सीसीएमबी संस्था तुम्ही येता-जाता पाहता. तिथले लालजी सिंग आणि थंगराज यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्याबरोबर भारतीयांच्या डीएनएचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातले जवळपास सगळे गट दोन प्राचीन वंशांच्या मिश्रणातून झालेले दिसले. मग प्रश्न आला, मिश्रण झाले केव्हा? इथे पिसलेले पत्ते घड्याळासारखे उपयोगी पडले. दोन वंश प्रथम मिसळतात तेव्हा तुकडे लांबलचक असतात. दर पिढीला कात्री चालते आणि ते आखूड होत जातात. तुकड्यांची लांबी मोजा, पिढ्या मिळतात. प्रिया मूरजानी आणि याच मंडळींनी २०१३ मध्ये उत्तर दिले: सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी. त्या काळात वरपासून खालपर्यंत सगळे एकमेकांत मिसळत होते. त्यानंतर दारे बंद झाली. जो तो आपल्याच जातीत. शुद्ध रक्ताचा अभिमान ज्यांना आहे त्यांनी हा काळ पाहावा. बंद दाराआड जाण्यापूर्वीच सगळे मिसळून झाले होते.

पुढचा अभ्यास २०१७ चा. दक्षिण आशियातले २६० हून अधिक गट तपासले. ८१ गटांत लोकांचे लांब लांब तुकडे एकमेकांशी इतके जुळले, की ते सगळे फार थोड्या मूळ कुटुंबांपासून वाढलेले असणार. आनुवंशिक आजारांच्या अभ्यासात फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांची उदाहरणे नेहमी देतात. हे ८१ गट त्यांच्याही पुढचे. त्यांतल्या काही गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. संख्या मोठी असली तरी पाने थोडीच, असा प्रकार. आपल्या शेजारच्या वैश्य समाजाचे उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी एक औषध वापरतात. ते शरीरात मोडून टाकणारे विकर या समाजात इतरांपेक्षा सुमारे शंभरपट अधिक लोकांत कमी असते. असा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर बराच वेळ स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. इथले भूलतज्ज्ञ हे जाणून असतात आणि आधी विचारतात. विचारले तर रागावू नये.

आता नोंदणीच्या कामाकडे. पुढच्या महिन्यापासून आपल्या अर्जात एक रकाना वाढवावा, अशी विनंती मी कार्यकारिणीला केली आहे: थॅलॅसेमिया आणि सिकलसेल तपासणी झाली आहे का, एवढाच. निकाल लिहायचा नाही, तो ज्याचा त्याच्याकडे. साध्या रक्ततपासणीत, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजून, मनुष्य वाहक आहे की नाही ते कळते. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो जेवतो, पळतो, नोकरी करतो. प्रश्न येतो तो दोघेही वाहक असतील तेव्हाच, कारण मग प्रत्येक खेपेला आजारी बाळाची शक्यता चारात एक. दोघांपैकी एकच वाहक असेल तर लग्नाला काही अडचण नाही, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगायची जबाबदारी माझी. कारण मला भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. 'वाहक' हा शब्द उद्या 'मंगळ' शब्दासारखा मुलींच्या मागे लागेल. तसे झाले तर तो रकाना मी स्वतः काढून टाकीन.

आणि हो, मघाशी मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "लग्न आधीच झाले असेल तर?" तरीही तपासणी होते. बाळाची चाहूल लागण्याआधी झाली तर उत्तम, नंतर लगेच झाली तरी चालते. दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी करता येते, सल्ला देणारे डॉक्टर हैदराबादेत आहेत. ज्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांनी नाव लिहिलेले नाही, लिहायची गरजही नाही. मी उद्या आणि परवा संध्याकाळी नोंदणीच्या टेबलावर आहे. आता आरतीची घंटा झाली, उठू या.